कोयत्याचे आरोग्य कोणाच्या खात्यावर?

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील हजारो बिऱ्हाडे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत दोघांनी पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. एक दिवस काम चुकले की ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. आजारपण हा या व्यवहारात जणू दंडनीय अपराधच आहे.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक! फडावर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीतही खाडा परवडत नाही. मग वारंवार होणाऱ्या दुखण्यावर शस्त्रक्रिया हाच सुटकेचा मार्ग वाटू लागतो. तिच्या खर्चासाठी पुन्हा उचल घ्यावी लागते, हे वेगळेच.

कामगार विम्याचे छत्र येथे का पोहोचत नाही? १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले होते, आणि साखर कारखान्यांची गणना त्यांतच होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा अपवाद कायम आहे. शिवाय तोडणारा कारखान्याच्या हजेरीपटावर नसतोच. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या उसाच्या दरातून वळता होतो, पण तोडणाऱ्याच्या झिजलेल्या शरीराची किंमत कोणाच्याच ताळेबंदात दिसत नाही. साखर स्वस्त पडते ती काही अंशी यामुळेच.

अलीकडे दूरवैद्यकावर भिस्त ठेवली जात आहे. केंद्राची ‘ई-संजीवनी’ सेवा २०१९ मध्ये सुरू झाली आणि तिचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या बाईला दुसऱ्या डॉक्टरचे मत फडावरूनच घेता आले, तर केवढा अनर्थ टळेल! मात्र दूरध्वनीवरून रक्त तपासता येत नाही, की पाण्याची टाकी उभी राहत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की, सल्ला ‘दोन दिवस विश्रांती घ्या’ असा असला, तर त्या दोन दिवसांचा खाडा कोण भरणार?

ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचा निर्णय शासनाने घेतला आहे. काट्यावर प्रत्येक गाडीचे वजन नोंदले जातेच. त्या निधीतून आजारपणाच्या दिवसांची मजुरी देण्यास प्रारंभ झाला, तर दूरवैद्यकाचा सल्ला पाळणे कोयत्याला प्रथमच परवडेल.