लग्न कुणाचंही, कपात पोराची

या आठवड्यात दोन अर्ज वाचले. एका वकील मैत्रिणीनं पक्षकारांची नावं झाकून समोर ठेवले आणि म्हणाली, "वाच आणि सांग, यातला बरोबर कुठला?"

पहिल्या अर्जातला बाप म्हणतो: माझ्या घटस्फोटित पत्नीनं दुसरं लग्न केलं आहे, तिचा नवरा हिंजवडीत चांगल्या पगारावर आहे, मुलगी त्यांच्याच घरात राहते, सबब मुलीची पोटगी बंद करावी. दुसऱ्या अर्जातला बाप म्हणतो: मी दुसरं लग्न केलं आहे, मला नवं मूल झालं आहे, खर्च वाढला आहे, सबब पहिल्या मुलाची दरमहा 8,000 रुपये पोटगी 3,000 करावी. शहरं वेगळी, वकील वेगळे, 'सबब'च्या पुढचं मात्र एकच. बाईनं लग्न केलं, पोराचे पैसे कापा. बुवानं लग्न केलं, पोराचे पैसे कापा. उद्या दोघांपैकी कुणीच लग्न केलं नाही, तर डब्याचा खर्च वाढला म्हणून तिसरा अर्ज येईल.

मी मैत्रिणीला सांगितलं, पहिला अर्ज चूक आहे आणि दुसरा आगाऊ. ती म्हणाली, "दोन्हींवर पुढच्या तारखा पडल्यात. दिवाळीनंतर बोलू." तारखांवर मी इथं इतक्यांदा लिहिलं आहे की आज तो विषय टाळते. टाळता आला तर.

पहिला अर्ज लवकर उरकू. बायकोचा पोटगीचा हक्क आणि पोराचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये, म्हणजे 1 जुलै 2024 पर्यंत आपण ज्याला कलम 125 म्हणत होतो त्यात, घटस्फोटितेला पोटगी मागता येते ती तिनं पुन्हा लग्न केलं नसेल तोवरच. दुसऱ्यांदा अक्षता पडल्या की तिची पोटगी संपली. अज्ञान मुलाच्या बाबतीत अशी अट कुठंही नाही. आईनं नवरा बदलला म्हणून पोराचा बाप बदलत नाही.

मग सावत्र बापाचं काय? गंमत बघा. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम 20 मुलांनी म्हाताऱ्या आईबापांना सांभाळावं असं सांगतं आणि त्यात निपुत्रिक सावत्र आईलाही धरतं. म्हणजे सावत्र मुलानं सावत्र आईला पोसायचं. सावत्र बापानं सावत्र पोराला पोसायचं, असं मात्र त्या कलमात भिंग लावूनही सापडत नाही. हिंजवडीतल्या त्या गृहस्थानं मुलीला शाळेच्या गेटवर सोडलं, तिच्या चष्म्याचे पैसे भरले, तर तो त्याचा चांगुलपणा. त्याच्या चांगुलपणावर पहिल्या बापानं आपली सुटका का मागावी?

खरंच मोकळं व्हायचं असेल तर वाट आहे. सावत्र बापाला मुलगी रीतसर दत्तक घेऊ द्यावी, त्याला संमती द्यावी आणि तिच्या नावापुढचं आपलं नाव जाऊ द्यावं. हे त्या बापाला चालत नाही. परिच्छेद 9 मध्ये त्यानं आवर्जून लिहिलं आहे की शाळेच्या दाखल्यावर वडील म्हणून आपलंच नाव राहिलं पाहिजे. नाव माझं, फी त्याची. अर्ज संपला.

दुसरा अर्ज अवघड आहे, कारण त्यात एक खरंखुरं बाळ आहे. निशाणी 14 वर बापानं खर्चाची यादी जोडली आहे: दुधाची पावडर, डायपर, लसी, बाळंतपणाचं बिल आणि या सगळ्याच्या मधोमध, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं, चारचाकीचा हप्ता. पहिल्या मुलाच्या आईचीही यादी कागदांत आहे: स्कूल व्हॅन, आठवीचा क्लास, गणवेश, बूट, बूट. बूट दोनदा. मला वाटलं टायपिस्टची चूक. मैत्रीण म्हणाली, "अगं, त्या वयात पाय वर्षात दोनदा वाढतो."

नव्या बाळानं कुणाचं काय बिघडवलं आहे? त्याला दूध हवंच. तेही त्याच बापाचं लेकरू. प्रश्न एवढाच की त्या दुधाचे किती पैसे थोरल्याच्या बुटांतून काढायचे. याचं उत्तर आपल्याकडे आधीपासून आकड्यात कुणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये सांगतात, म्हणून आज तिकडं जाऊन येऊ.

तिथं मुलाची पोटगी ठरवायला सहसा न्यायाधीश लागत नाही. आईबापांचं आपसात जमलं नाही तर चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस नावाची सरकारी यंत्रणा मूल ज्याच्याजवळ राहत नाही त्या पालकाचं ढोबळ उत्पन्न करखात्याकडून मागवते आणि टक्केवारी लावते. एका मुलाला 12 टक्के, दोघांना 16, तिघं किंवा जास्त असतील तर 19. आठवड्याला 800 पौंडांच्या वर कमाई असेल तर वरच्या रकमेवर दर उतरतात. आता बापानं नवा संसार थाटला आणि त्या घरात मूल असलं, तर टक्केवारी लावण्याआधी त्याच्या उत्पन्नातून एका मुलासाठी 11 टक्के वजा होतात, दोघांसाठी 14, तीन किंवा जास्त मुलांसाठी 16. बापाच्या नव्या बायकोचा पगार? धरत नाहीत. आईच्या नव्या नवऱ्याचा? तोही नाही. आपला पहिला अर्ज तिथं टपालातच मेला असता.

हिशेब मांडून पाहू. आठवड्याला 500 पौंड कमावणारा बाप एकुलत्या मुलासाठी 60 पौंड देतो. नव्या घरात बाळ आलं. 500 चे 11 टक्के, म्हणजे 55 पौंड, बाळाच्या नावानं बाजूला. उरलेल्या 445 चे 12 टक्के, म्हणजे 53 पौंड 40 पेन्स, थोरल्याला. थोरल्याचे 6 पौंड 60 पेन्स गेले. पण दोन्ही पोरांच्या नावचे आकडे बघा: 55 आणि 53.40. पंगतीत दोघांना शेजारी बसवलं आणि जवळपास सारखं वाढलं.

आता आपल्याकडं या. एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर पश्चिम बंगालमधलं एक प्रकरण होतं. कलकत्ता उच्च न्यायालयानं पत्नी आणि मुलगा यांची मिळून पोटगी महिना 16,000 वरून 23,000 केली होती. सर्वोच्च न्यायालयानं नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या 25 टक्के पत्नीला देणं रास्त ठरेल असं म्हटलं. हे वाक्य तेव्हापासून प्रत्येक अर्जात डकवलेलं असतं. त्याच्या पुढचं फारसं कुणी वाचत नाही. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आहे आणि त्याला त्यातून मूल आहे, म्हणून न्यायाच्या हितासाठी 23,000 चे 20,000 केले. तीन हजार कमी. टक्क्यांत मांडा: 13.

ब्रिटिश सूत्र म्हणतं 11, दिल्लीतलं खंडपीठ म्हणालं 13. आणि आमचा निशाणी 14 वाला म्हणतो साडेबासष्ट! 8,000 चे 3,000 म्हणजे तेवढेच होतात, करून पाहा. एका तान्ह्या बाळाच्या नावावर साडेबासष्ट टक्के. अजून जावळ निघालं नाही, तोवर बापानं त्याच्या नावावर चारचाकीसुद्धा चढवली.

11 आणि 13 जवळ आले हा योगायोग मानायला मी तयार आहे. खरा फरक दुसरीकडं आहे. ते 11 टक्के बापाला नव्या लग्नाआधीच माहीत असतात, पोराच्या आईलाही माहीत असतात आणि ते कळायला कुणाला वकीलपत्र भरावं लागत नाही. आपले 13 टक्के कळायला दोघांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. तिथंही तीन हजारच का, दोन का नाही, पाच का नाही, याचं कोष्टक मिळालं नाही. मग पुढच्या गावातला न्यायाधीश अंदाज करतो, आणि अंदाज आहे म्हटल्यावर वकील साडेबासष्ट मागून बघतो. मागायला काय जातं?

नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेलं ते प्रकरण नेहमीच्या वाचकांना आठवत असेल. 2013 पासूनची अंतरिम पोटगी, मुलाला आधी 5,000 आणि मग 10,000, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 4 नोव्हेंबर 2020 ला. अंतरिम पोटगीचं भांडण सात वर्षं! (तारखांचा विषय टाळता आला नाही.) त्या निकालानं पुष्कळ चांगलं केलं. उत्पन्न आणि मालमत्तेच्या शपथपत्राचा नमुना दिला, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्या म्हणून सांगितलं, कुणावर कोण अवलंबून आहे ते लिहायला लावलं. पण अवलंबून असलेल्या प्रत्येकासाठी किती वजा धरायचं, ते न्यायाधीशाच्या मर्जीवर राहिलं. रकाना आला, आकडा आला नाही.

ब्रिटिश सूत्राची आरती ओवाळायची माझी तयारी नाही. 1993 मध्ये तिथली पहिली यंत्रणा सुरू झाली तेव्हा तिचं गणित इतकं किचकट होतं की 2003 मध्ये ते सोपं करावं लागलं आणि 2012 मध्ये पुन्हा नवं आणावं लागलं. आजच्या सूत्रातही खोडी आहेत. बाप एखाद्या बाईबरोबर राहायला गेला आणि त्या घरात तिची आधीची दोन मुलं असली, तरी त्याच्या उत्पन्नातून 14 टक्के वजा होतात. त्या दोघांचा स्वतःचा बाप दुसरीकडून पैसे पाठवत असला तरीही. आपल्या उदाहरणातलं पोर मग 51 पौंड 60 पेन्सवर येतं. शिवाय मूल वर्षात 52 रात्री बापाकडं राहिलं की रक्कम सातव्या हिश्शानं उतरते, त्यामुळं बाप लेकराच्या आठवणींऐवजी रात्री मोजतात. आणि मूल ज्या आईजवळ आहे तिचा पगार सूत्र विचारतच नाही. ती बँकेत मॅनेजर असो की घरी असो, फरक शून्य. या एका बाबतीत आपला कायदा शहाणा आहे. 1956 च्या त्याच कलम 20 नं पोरांचा भार आई आणि बाप दोघांवर टाकला आहे, आणि आई पुरेसं कमावत असेल तर शिक्षणाचा खर्च दोघांत कमाईच्या प्रमाणात वाटता येईल, असं 2020 च्या निकालानंही म्हटलं आहे.

आता वकीलवर्गाचा ठरलेला आक्षेप: ब्रिटनमध्ये करखात्याला सगळं दिसतं, आपल्याकडं पगारपत्रक असतं किती जणांकडं? दुकानदाराचे, इस्टेट एजंटचे, बागायतदाराचे 12 टक्के कशाचे काढायचे? आक्षेप खरा आहे आणि माझ्याकडं त्यावर तोडगाही आहे. जुन्या वाचकांनी इथं कपाळाला हात लावावा, कारण मी पुन्हा मंगल कार्यालयांवर घसरणार आहे. उत्पन्न महिना 15,000, घर वडिलांचं, मोटारसायकल मित्राची, असं शपथपत्र देणारा माणूस दुसऱ्या लग्नाला लॉन घेतो, ड्रोन उडवतो आणि प्री-वेडिंगला महाबळेश्वर गाठतो. माणसाचं खरं उत्पन्न जाणून घ्यायचं तर त्याची सॅलरी स्लिप मागू नये, केटररचं बिल मागावं, हा माझा ठाम सिद्धांत आहे. ताटाचा दर गुणिले पाहुणे, त्यावर पोराची टक्केवारी. मैत्रीण म्हणते, हे पुराव्याच्या कायद्यात बसत नाही. पुराव्याचा कायदा लिहिणाऱ्यांनी हळदीचा डीजे ऐकला नसावा.

थट्टा सोडली तरी पगारदारांपुरतं उत्तर सोपं आहे. त्यांचा फॉर्म 16 न्यायालयाच्या फायलीत असतोच. परिस्थिती बदलली की पोटगी कमीजास्त करायची तरतूद संहितेच्या कलम 146 मध्ये आहे, ती राहू द्या. तिच्या जोडीला एक छोटं कोष्टक हवं. आईच्या नव्या नवऱ्याचा पगार: धरायचा नाही. बापाच्या नव्या लग्नासाठी: कपात नाही. नव्या घरात बापाचं स्वतःचं मूल: ठरावीक टक्के वजा, मग ते 10 असोत की 12. कर्जाचे हप्ते: पोरांनंतर. कोष्टक बंधनकारक नसलं तरी चालेल. ज्या न्यायाधीशाला त्यापासून हटायचं असेल त्यानं निकालपत्रात दोन ओळी कारण लिहावं. आज कारण न लिहिता हटता येतं, कारण हटायला मुळात काही नाहीच.

मैत्रिणीला हे सांगितलं तर म्हणाली, "असं कोष्टक आलं तर माझ्या ज्युनिअरनी काय करायचं?" वसुलीचे अर्ज लिहावेत. ठरलेली पोटगी थकवणाऱ्यांची रांग काही कोष्टकानं आटणार नाही.

दुसऱ्या लग्नाला माझी कधीच ना नाही. मोडलेल्या संसारातून माणसं उठून उभी राहावीत, पुन्हा हसावीत, पुन्हा पाळणा हलावा. पण नव्या संसाराचा जमाखर्च मांडताना पहिल्या पोराची रक्कम देण्याच्या बाजूला पहिल्या ओळीवर हवी, नव्या बायकोला दिसेल अशा अक्षरात. 2020 च्या त्या शपथपत्रात आणखी एक रकाना घालावा अशी माझी सूचना आहे: 'ही रक्कम नवीन पत्नीला लग्नाआधी सांगितली होती काय? होय / नाही.' खाली तिची सही. निम्मे अर्ज टाइप व्हायच्या आधीच घरात निकाली निघतील, आणि तेही एका तारखेत.