आधी वर्गणी, मग अनुदान

मार्च महिना उजाडला की ग्रामीण महाराष्ट्रात एक विलक्षण लगबग सुरू होते. वर्षभर पंचायत समितीच्या कपाटात धूळ खात पडलेल्या फायलींना एकाएकी पंख फुटतात. ३१ तारखेच्या आत निधी खर्ची पडला नाही तर तो परत जाईल, या एकाच धास्तीने रस्त्यांवर खडी पडू लागते, सभामंडपांवर पत्रे चढतात आणि ज्या वाडीला पाण्याची टाकी हवी होती तिच्या वाट्याला प्रवेशद्वाराची कमान येते. कमान कोणाच्या निधीतून आणि कोणाच्या प्रयत्नांतून उभी राहिली हे तिच्यावर ठळक अक्षरांत रंगविलेले असते. गावाचे नाव त्याखाली, जरा लहान अक्षरांत.

गावांसाठी पैसा नाही, ही तक्रार आता खरी उरलेली नाही. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामपंचायतींना सुमारे २ लाख कोटी रुपये थेट दिले. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता २ लाख ३६ हजार ८०५ कोटींची शिफारस केली आणि त्यातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी राखून ठेवली. खासदाराच्या स्थानिक विकास निधीची रक्कम २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी झाली. आमदारांचा निधी, जिल्हा नियोजनाचा निधी, उद्योगांचा सामाजिक दायित्व निधी हे सारे वेगळेच. तेव्हा प्रश्न पैसा येतो की नाही हा नसून, आलेला पैसा गावात कोणाच्या हाती पडतो आणि तो पडण्यापूर्वी तेथे काही उभे होते की नाही, हा आहे.

या विषयावर दोन टोकाची मते नेहमी ऐकू येतात. अनुदान म्हणजे भीक, ती घेणाऱ्या संस्थेचे तेज जाते, असे एक मत. संघटनेचे, संस्कारांचे सारे बोलणे पोकळ असून निधी वाढवा म्हणजे विकास आपोआप होईल, असे दुसरे. पहिल्या मतात स्वाभिमान आहे, पण दुर्गम पाड्यावरच्या माणसाने बंधाऱ्यासाठी सिमेंट कोठून आणावे याचे उत्तर त्यात नाही. दुसऱ्या मताचे उत्तर तर गावोगावच्या ओसाड समाजमंदिरांनी आणि कुलूपबंद व्यायामशाळांनी केव्हाच दिले आहे.

वस्तुतः गावाने स्वतःच्या कामासाठी निधी राखणे ही या भूमीला नवी गोष्ट नाही. मराठेशाहीच्या काळात गावच्या वसुलीतून 'गावखर्च' वेगळा काढला जाई. देवळाचा दिवाबत्तीचा खर्च, उत्सव, येणाऱ्या-जाणाऱ्या साधू-फकिरांचा शिधा, गावकुसाची डागडुजी हे त्यातून भागे. पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला त्यात, दख्खनमधील प्रत्येक गाव म्हणजे एका राज्याचीच छोटी प्रतिकृती असल्याची नोंद त्याने केली आहे. पुढे रयतवारीत सरकारचा संबंध थेट एकेका शेतकऱ्याशी आला, गावखर्चाला कात्री लागली आणि गाव ही हिशेब ठेवणारी संस्था उरली नाही. ती जुनी व्यवस्था निर्दोष होती असे कोणी म्हणणार नाही. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवले होते त्यांचा त्या खर्चाच्या निर्णयात आवाज नव्हता आणि हा कलंक पुसल्याशिवाय गावाच्या स्वयंपूर्णतेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण गावाची तिजोरी गावात असावी, हा विचार तिच्यात होता. स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके तो परत आला नाही. तिजोरी मुंबईत, फार तर जिल्ह्याच्या गावी राहिली.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा हे कोकणा जनजातीचे लहानसे गाव. १९९० च्या सुमारास या गावाभोवतीचे डोंगर उघडेबोडके झालेले होते. पाण्यासाठी वणवण, पोटासाठी गुजरातच्या वाटेवर स्थलांतर, ही तेथील रीत. उच्च शिक्षण घेतलेला तरुण चैत्राम पवार शहरात नोकरी न शोधता गावात थांबला. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांची त्याला साथ मिळाली. गावाने बैठका घेऊन जंगल राखायचे ठरविले, कुऱ्हाड चालविणाऱ्यास दंड ठेवला, जंगलात बैलगाडी नेण्यास बंदी घातली, राखणीसाठी आपलीच माणसे नेमली. श्रमदानाने डोंगरउतारावर चर खोदले. चारशे हेक्टरांहून अधिक जंगल या रीतीने पुन्हा उभे राहिले आणि त्याबरोबर विहिरींचे पाणीही परतले.

या कहाणीतील क्रम महत्त्वाचा आहे. आरंभी तेथे कोणतेही अनुदान नव्हते. दंडाची रक्कम, श्रमदान आणि परस्परांचा धाक एवढेच भांडवल होते. सरकारी योजना आल्या, संस्थांची मदत आली, कौतुक आले, पुरस्कार आले, ते सारे नंतर. ज्या गावाने जंगलाचा एक नियम दहा वर्षे मोडू दिला नाही, त्या गावाच्या हाती आलेला पैसा बंधाऱ्यातच गेला, कमानीत गेला नाही. २००४ पासून तेथे रानभाज्यांचा महोत्सव भरतो. गावच्या माताभगिनी रानातील भाज्या शिजवून आणतात आणि बाहेरचे लोक त्या पाहायला-चाखायला येतात. २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली तेव्हा वृत्तपत्रांनी एका व्यक्तीचे चरित्र छापले. मुळात तो एका पाड्याच्या शिस्तीचा गौरव होता, हे स्वतः पवारांनाही मान्य व्हावे.

राळेगणसिद्धीची सुरुवातही अशीच. सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी १९७५ नंतर तेथे प्रथम हात घातला तो यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराला, आणि तोही स्वतःला मिळालेल्या पैशातून. त्यांच्या पुढच्या राजकीय आंदोलनांविषयी मतभेद असू शकतात. परंतु मंदिर आधी आणि पाणलोट विकास नंतर, हा क्रम ज्यांना अंधश्रद्धा वाटला त्यांना गाव कशाने एकत्र येते हे कळलेले नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातीलच हिवरेबाजारात १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान ही पथ्ये गावाने स्वीकारली आणि मग आदर्श गाव योजनेचा पैसा तेथे फळाला आला. त्याच योजनेतून निधी मिळालेली आणि आज कोणाच्या लक्षातही नसलेली गावे पुष्कळ आहेत. योजना तीच, शासन तेच, पाऊसही साधारण तोच.

शौचालयांची गोष्ट तर अधिक बोलकी. अनुदान वाटून बांधलेल्या शौचालयांत नव्वदच्या दशकात गोवऱ्या आणि जळण साठविले जात असे, हे खेड्यात फिरलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याने पाहिलेले आहे. २०००-०१ मध्ये तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यात आधी अनुदान नव्हते, स्पर्धा होती. गावाने स्वतः झाडायचे, स्वतः खर्च करायचा आणि जिंकल्यास बक्षीस मिळवायचे. कीर्तनकारापासून शाळकरी पोरांपर्यंत सारे गाव हातात खराटा घेऊन रस्त्यावर उतरले. मंत्री दुसऱ्या पक्षाचे होते म्हणून त्या कल्पनेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. अटलबिहारी वाजपेयी यांनी २५ डिसेंबर २००२ रोजी ज्या स्वजलधारा योजनेचा आरंभ केला तीत हेच तत्त्व होते. योजनेच्या खर्चाचा दहावा हिस्सा गावाने उचलावा आणि पुढची देखभाल संपूर्ण गावाने करावी. २०१९ च्या जलजीवन मिशननेही दहा टक्के लोकवर्गणीची अट ठेवली, डोंगराळ, वनक्षेत्रातील आणि अनुसूचित जाती-जमातींचे प्राबल्य असलेल्या गावांसाठी ती पाच टक्क्यांवर आणली. अट कागदावर आहे. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी ठेकेदारच गावाच्या नावाने वर्गणी भरून मोकळा होतो. वर्गणीची रक्कम किरकोळ असते, पण तिच्याबरोबर गावाचा जाब विचारण्याचा अधिकारही ठेकेदाराने विकत घेतलेला असतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

याउलट महिला बचत गटांच्या बाबतीत शासनाने अधिक शहाणपणा दाखविला. 'उमेद' अभियानात गटाला फिरता निधी मिळतो तो गट स्थापन झाला म्हणून नव्हे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि लेखे अद्ययावत ठेवणे ही पंचसूत्री काही महिने पाळून दाखविल्यावरच तो मिळतो. समुदाय गुंतवणूक निधीची रचना याहून मार्मिक आहे. तो गावातील ग्रामसंघाला मिळतो, ग्रामसंघ तो गटांना कर्जाऊ देतो, गटांकडून परत आलेला पैसा शासनाकडे न जाता ग्रामसंघातच राहतो आणि दुसऱ्या गटाच्या कामी येतो. एकीच्या शेळ्या विकून आलेल्या हप्त्यावर दुसरीची शिलाई यंत्रणा उभी राहते. साक्षरता बेताची असलेल्या भगिनी ज्या काटेकोरपणे ही वही लिहितात, तो काटेकोरपणा अनेक सहकारी संस्थांच्या संचालकांना साधलेला नाही.

जनजाती क्षेत्राचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. महाराष्ट्रातील १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. तेथील ग्रामपंचायतींना जनजाती उपयोजनेतील ५ टक्के रक्कम 'अबंध निधी' म्हणून थेट देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१५ मध्ये घेतला. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसा कायद्याची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण आणि वनसंवर्धन-जलसंधारण अशा चार भागांत तो खर्चावा आणि पाड्यांच्या लोकसंख्येनुसार ग्रामसभांच्या कोषात जावा, अशी ही व्यवस्था. कल्पना उत्तम. परंतु पंचायत एक आणि पाडे पाच-सहा, अशा ठिकाणी सत्ता ज्या पाड्यात, पैसा त्याच पाड्यात, असा अनुभव येतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने वेगळा मार्ग दाखविला. देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे सर्वसहमतीने निर्णय करणारी ग्रामसभा घडविली. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागले. अनुदानाची वाट पाहणारे गाव कर भरणारे गाव झाले. ज्या जिल्ह्यात बंदुकीच्या धाकावर क्रांतीची स्वप्ने विकली गेली, त्याच जिल्ह्यात हे घडले.

बाहेरून येणाऱ्या पैशाचा विचार येथे टाळता येत नाही. विदेशी निधी विनियमन कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने घेतलेला विदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी झाली. दिल्ली-मुंबईतील वातानुकूलित कार्यालयांतून गावचा अजेंडा ठरविणाऱ्या मंडळींना ती झोंबली, ते स्वाभाविकच होते. सेवेच्या आवरणाखाली श्रद्धांतराचा व्यवहार करणाऱ्यांची वाटही अरुंद झाली. ही दुरुस्ती आवश्यकच होती. पण तिच्यामुळे तालुक्याच्या पातळीवर कुपोषणाचे किंवा अपंगांचे प्रामाणिक काम करणाऱ्या काही लहान संस्थांचाही आधार तुटला, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. तो आधार देण्याची जबाबदारी आता येथील समाजाची आहे. ती समाजाने कितपत उचलली? कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार २०१४ पासून मोठ्या उद्योगांना नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते. कायदा स्थानिक परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो आणि परिसर म्हणजे कारखान्याचा. त्यामुळे पैसा पुणे-मुंबईभोवती फिरतो. नंदुरबारच्या अक्राणीत कारखानाच नाही, तर तेथे परिसर कोठला? शिवाय वीस पानी प्रस्ताव, तीन वर्षांचे लेखापरीक्षण आणि इंग्रजी सादरीकरण मागणाऱ्या कंपनीसमोर पाड्यावरचा भजनी मंडळाचा अध्यक्ष उभा तरी कसा राहणार?

आत्मपरीक्षण आपल्या परिवारातील संस्थांनीही करावयास हवे. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीचा भटके-विमुक्तांचा प्रकल्प १९९३ मध्ये उभा राहिला तो समाजातून मूठ-मूठ धान्य आणि शे-पन्नास रुपयांच्या देणग्या गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पायपिटीवर. त्या पायपिटीतून पैशापेक्षा माणसे अधिक मिळाली. आज सरकारदरबारी ओळखी वाढल्या, उद्योगांची दारे उघडली. एका धनादेशात वर्षाचा खर्च भागत असेल तर शंभर घरी झोळी घेऊन कोणी जावे, असा प्रश्न तरुण कार्यकर्ता विचारतो. प्रश्न व्यवहाराचा आहे, म्हणूनच धोक्याचा आहे. धनादेश थांबला त्या दिवशी ती शंभर घरे ओळख दाखविणार नाहीत.

या साऱ्याची नस ग्रामसभेत आहे. कायद्याने ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी ती गणपूर्ती लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. त्यामुळे पहिल्या सभेला लोक येऊच नयेत, अशी सोय करणारे चतुर पुढारी जागोजागी आहेत. 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने होणारा आराखडा मग दहा-बारा जणांच्या सह्यांनी मंजूर होतो, आणि त्याआधी घ्यावयाची महिला ग्रामसभा झाल्याचे इतिवृत्त घरबसल्या लिहिले जाते. वित्त आयोगाचा किंवा अबंध निधीचा खर्च तहकूब सभेतून मंजूर करता येणार नाही, मागील वर्षाचा हिशेब चावडीवर मोठ्याने वाचल्याशिवाय पुढील हप्ता निघणार नाही, आणि प्रत्येक पाड्याची सभा त्या पाड्यातच होईल, एवढ्या तीन दुरुस्त्या शासनाने कराव्यात. त्यासाठी एक पैसाही वाढवून द्यावा लागणार नाही. ठेकेदारांचा विरोध होईल, आणि तो कोणकोणत्या पक्षांच्या कार्यालयांतून होईल हे पाहण्यासारखे असेल.