तीन गोळ्या, तरीही रक्तदाब चढाच

‘तीन गोळ्या चालू आहेत, तरी वरचा आकडा १६०च्या खाली येत नाही,’ ही तक्रार ज्येष्ठांच्या घरांतून वारंवार ऐकू येते. वैद्यकशास्त्र अशा रक्तदाबाला ‘प्रतिरोधी’ म्हणते; पण त्याची अट कडक आहे. निरनिराळ्या प्रकारची तीन औषधे, त्यांत एक लघवी वाढवणारे, पुरेशा मात्रेत घेऊनही रक्तदाब उतरत नसेल, तरच ते नाव लागू पडते. म्हणून चौथ्या गोळीपूर्वी आधीच्या तीन खरोखर पोटात जातात का, हे पाहावे.

बहुधा लघवीची गोळीच गळते. एसटीचा प्रवास, लग्नकार्य, रात्री अंधारात उठण्याची धास्ती. आजी गोळी बाजूला ठेवतात आणि संकोचापायी बोलत नाहीत. डॉक्टर मात्र ती घेतली असे धरून औषध वाढवतात. पुढे मुलाच्या देखरेखीखाली सगळ्या गोळ्या एकदम नियमित सुरू झाल्या, की रक्तदाब कोसळून भोवळ येते आणि खुब्याचे हाड मोडण्याची वेळ येते. तेव्हा न रागावता, ‘आठवड्यातून कितीदा राहते?’ असे सहज विचारावे आणि उत्तर डॉक्टरांना सांगावे. गोळीची वेळ बदलता येते.

दुसरी चोरवाट गुडघेदुखीची. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही वेदनाशामके शरीरात मीठ व पाणी धरून ठेवतात. दुकानातून परस्पर आणलेल्या या गोळ्यांची नोंद चिठ्ठीवर नसते. रोज चघळलेला ज्येष्ठमधही रक्तदाब वाढवतो. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा आपला लाडका गैरसमज आहे.

मोजताना पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे. दंडाला आखूड पडणारी पट्टी आकडा फुगवते. उभे राहूनही एकदा मोजावा.

इतके करूनही फरक नसेल, तर झोपेत श्वास अडणे, मूत्रपिंडाची धमनी अरुंद होणे किंवा ॲल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचा अतिरेक यांचा शोध घ्यावा लागतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत चौथे औषध म्हणून स्पायरोनोलॅक्टोन सर्वाधिक गुणकारी ठरले. मात्र त्याने रक्तातील पोटॅशियम वाढते, मूत्रपिंड थकलेले असेल तर अधिकच. म्हणून रक्ततपासणी टाळू नये. ते चालू असताना ‘कमी सोडियमचे’ मीठही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच असते.