कणीस भाजावं की उकडावं?
इंग्लंडमधल्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर ऑगस्टच्या शेवटी कणसं दिसू लागली की मराठी घरांत वाद ठरलेला: भाजायचं की उकडायचं? माझं मत भाजण्याच्या बाजूचं, पण इथला मका गोड. पावसाळ्यात गाडीवर मिळणाऱ्या, दाताला काम लावणाऱ्या देशी कणसाशी त्याचं गोत्र जुळत नाही. निखारा जरा जास्त झाला की दाणे आक्रसून जातात. म्हणून गॅसवर जाळी ठेवून, हाताने फिरवत राहावं, दाणे तडतडून काळे ठिपके आले की उतरवावं (स्मोक अलार्म बोंबलणारच), आणि तिखट-मिठात बुडवलेली लिंबाची फोड दाबून चोळावी. उकडायचंच तर चार-पाच मिनिटं पुरेत. कणीस सालीसकट घ्यावं आणि त्याच दिवशी खावं, कारण तोडल्यापासून त्यातल्या साखरेचा स्टार्च होऊ लागतो. या गावाला कणसाचं कौतुक नवं नाही. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललेली गुजराती कुटुंबं इथे आली, पूर्व आफ्रिकेतली मक्याची आवड घेऊन. त्यांच्याकडची नारळाच्या दुधात शिजवलेली कणसाच्या तुकड्यांची भाजी एकदा खाऊन पाहाच. कोकणातल्या माणसाला तर ती घरचीच वाटेल, फक्त बोटं चाटायची लाज सोडायला हवी.