हजेरीपट कोण वाचणार?

"तो नुसतं बघतो हो, करत काही नाही." ही सबब हल्ली फार ऐकू येते. मला ती मान्य नाही. का नाही, ते आज जरा सविस्तर लिहिते.

विषय माझ्या वयाला न शोभणारा आहे, तेव्हा आधी ओळख करून देते. स्क्रीप्स नावाचा एक ऑनलाईन खेळ आहे. २०१६ साली तो स्टीमवर आला. माझा नातू तो खेळतो. यात नुसता माऊस आपटत बसायचं नसतं. जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्राम लिहायचा, आणि त्या हुकमावर आपल्या वसाहतीतले 'क्रीप' नावाचे चिमुकले कामकरी राबतात. कोणी ऊर्जा खणतो, कोणी वाहून नेतो, कोणी बांधकाम करतो. तुम्ही झोपलात तरी वसाहत चालूच! क्रीपचं आयुष्यही मोजलेलं, साधारण १५०० टिक. टिक म्हणजे त्या जगातल्या घड्याळाचा एक ठोका. तोवर पुढचा क्रीप तयार झाला नाही, तर काम ठप्प.

आता यात नवीन भर पडली आहे. अँथ्रोपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची एक पद्धत जाहीर केली. एआयला बाहेरची माहिती आणि साधनं जोडून द्यायची ती एक ठरलेली रीत. तिच्या आधाराने हौशी लोक अशी साधनं बनवतात, की एआय एजंट परस्पर सर्व्हरवर जातो आणि तुमच्या वसाहतीची माहिती काढून आणतो. कुठल्या खोलीत किती ऊर्जा, किती क्रीप जिवंत, गाडं कुठे अडलंय... तुम्ही फक्त विचारायचं, "माझी वसाहत का रखडली?" चार ओळींत निदान हजर.

आमच्या बाळकुमला टॉवर झाले, तसे घरोघर इंजिनिअरही झाले. नातू आणि त्याची मित्रमंडळी एका सुरात सांगतात, "आजी, तो फक्त डेटा वाचतो. खेळतो आम्हीच."

अरे, पण वाचणं हे 'फक्त' कधीपासून झालं?

मी आयुष्यभर हजेरी घेतली. नुसतं नाव पुकारायला बाईच कशाला हव्यात? कोणीही पुकारील. पण एखादी मुलगी दर बुधवारीच गैरहजर असते, हे खटकतं ते रोज स्वतः हजेरी घेणाऱ्याला. ती बुधवारी आईबरोबर बाजारात भाजी विकायला बसते, हे हजेरीपटात कुठेच लिहिलेलं नसतं. तिच्या घरी जाऊन विचारावं, ही बुद्धी होते ती रकान्यांवरून रोज बोट फिरवल्यामुळे. महिन्याची टक्केवारी कोणी तयार करून हातात दिली, तर आकडा मिळतो, मुलगी हरवते.

या खेळाचंही तसंच आहे. ऊर्जेच्या एका स्रोतात ३००० एकक असतात आणि ३०० टिकांनी तो पुन्हा भरतो. म्हणजे दर टिकला १०. क्रीपच्या अंगातला खणायचा एक भाग दर टिकला २ एकक काढतो. तेव्हा पाच भाग पुरेत, सहावा जवळजवळ फुकटच. खणायचा भाग १०० एककांना, चालायचा ५० ला. पाच आणि एक मिळून झाले ५५०. सुरुवातीला साठवण असते ३०० ची. दुसऱ्या पातळीवर पाच कोठ्या बांधल्या की ती बरोबर ५५० होते! हे शाळेतलं त्रैराशिक आहे. ज्याने ते स्वतः मांडलं, त्याला वसाहत कळली. ज्याला एजंटने सांगितलं, त्याला फक्त उत्तर कळलं.

यावर मुलांचा हुकमी एक्का: "आजी, हा खेळच मुळी यंत्राकडून काम करून घ्यायचा आहे. मग आणखी एका यंत्राचं वावडं कशाला?" मुद्दा चांगला आहे, पण अर्धा. राबणारा प्रोग्राम तू लिहिलेला असतो, त्यामुळे चूक तुझी असते आणि ती सापडल्याचा आनंदही तुझा. ती चूक शोधणं हाच तर खेळ! तोच दुसऱ्याला दिलास, तर तुझ्याकडे उरलं काय? वसाहतीचा सातबारा.

मी यंत्राच्या विरोधात नाही. बुद्धिबळाकडे बघा. १९९७ मध्ये डीप ब्लूने कास्पारोव्हला हरवलं, म्हणून बुद्धिबळ संपलं नाही आणि संगणकालाही कोणी हाकललं नाही. सरावाला तो खुशाल घ्या, मात्र डाव चालू असताना त्याची मदत नाही. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, तो याच नियमाखाली.

म्हणून माझं म्हणणं दोन कलमी आहे. एक, आधी वहीत आपला अंदाज लिहा, मग एजंटला विचारा. दोन, या खेळात प्रवेशाची किल्ली मर्यादित अधिकारांची काढता येते. ज्याला नुसतं बघायचंय, त्याला बघण्यापुरतीच द्या. अख्ख्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा कशाला?

"खेळच तर आहे," असं म्हणून हे सोडून देऊ नका. उद्या हीच मुलं एखाद्या शहराच्या पाण्याचे, एखाद्या इस्पितळातल्या औषधांचे आकडे सांभाळणार आहेत. तिथे "एजंटने सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं होतं" हे उत्तर चालणार नाही. आकड्यांत बुधवार शोधणारा डोळा तयार करायचा असेल, तर तो आत्ताच, जिथे चुकलं तरी फक्त क्रीप मरतात, अशा ठिकाणी.

बघा पटतंय का. नाही पटलं तर भांडायला घरी या, चहा टाकते.