कळलावीचे वकीलपत्र

सणासुदीच्या दिवसांत कोणाची निंदा करू नये, असा आपला जुना संकेत आहे. तो पाळून मी आज एका निंदिलेल्या बाईचे वकीलपत्र घेणार आहे. बाईचे नाव कळलावी.

हिला तुम्ही पाहिले असेलच. पाऊस स्थिरावला की रानाच्या कडेने, जुन्या कुंपणांतून ही वेल वर चढते. तिला चढायला काठी द्यावी लागत नाही. पानाचे टोकच वळून तणावा होते आणि शेजारच्या झुडपाचा हात धरते. मग श्रावण-भाद्रपदात फूल येते. आधी हिरवट, मग पिवळे, मग पिवळ्यावर तांबडे, शेवटी सगळेच लालभडक. सहाही पाकळ्या नागमोडी आणि मागे उलटलेल्या, जणू वाऱ्याने वर उचललेली ज्वाळा. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात ते उगाच नव्हे. लिनियसने १७५३ साली तिचे नाव ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ असे नोंदवले. म्हणजे वैभवशाली, आणि त्यावर पुन्हा दिमाखदार! तामिळनाडूने तिला राज्यपुष्प केले, झिंबाब्वेने राष्ट्रपुष्प. १९४७ साली दक्षिण ऱ्होडेशियातल्या शाळकरी मुलांनी राजकन्या एलिझाबेथला एकविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून हिऱ्यांचा ब्रोच दिला, तो याच फुलाच्या आकाराचा होता.

आणि आपण काय केले? तिला कळलावी म्हटले आणि अंगणाबाहेर उभे केले.

तिच्यावरचा पहिला आरोप असा, की ही दारात असली की घरात भांडणे लागतात. माझ्या कुंपणावरची वेल पाहून शेजारच्या काकू कळवळून म्हणाल्या, “अहो, ही कशाला हो दारात? घराला कळ लागेल!” मी म्हटले, “काकू, तुमच्या दारात तर तुळस आणि गुलाब आहेत. मग काल रात्री काकांचा आवाज कशाने चढला होता?” काकू हसल्या, पण वेलीला काही त्यांनी माफी दिली नाही.

वास्तविक ‘कळ’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक भांडणाची कळ आणि दुसरी पोटातली, बाळंतपणाची. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून हिचा कंद उगाळून बाहेरून लेप लावण्याचा उपाय जुन्या वैद्यकात सांगितला आहे. आज तो कोणी करू नये. त्यासाठी इस्पितळे आहेत. पण जिचे नाव बायकांच्या सर्वांत अवघड घटकेशी जोडलेले, तिला आपण नारदाच्या पंगतीला बसवावे, हा कुठला न्याय? तिचे संस्कृतातले आणखी एक नाव कलिहारी. त्याचा विग्रह ‘कलह हरण करणारी’ असाही होतो. कोकणात तर हिला ‘गौरीचे हात’ म्हणणारी माणसे आहेत. एकाच वेलीत एकाला देवीचे हात दिसतात आणि दुसऱ्याला भांडण. दोष वेलीचा की डोळ्यांचा?

दुसरा आरोप विषाचा. तो मात्र खरा आहे आणि मी तो नाकारणार नाही. कंदात आणि बियांत सर्वांत जास्त, पण वेलीच्या सर्वांगात कॉल्चिसिन नावाचे विष असते. रताळे समजून कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. आयुर्वेदाने तिला उपविषांत घातले, ते योग्यच केले. हेच कॉल्चिसिन मोजून दिले, तर गाऊटच्या रुग्णाला आराम पडतो. पण ते मोजणे डॉक्टरांचे काम, आपले नव्हे. म्हणून ज्या घरात हाताला येईल ते तोंडात घालणारे मूल आहे, तिथे ते जाणते होईपर्यंत ही वेल नको. कंद हाताळताना हातमोजे घालावेत आणि तो चुकूनही स्वयंपाकघरात ठेवू नये.

पण मग हाच न्याय सर्वांना लावा! पिवळ्या कण्हेरीचे बी जीव घेते, तरी तिची फुले आपण देवाला वाहतो. साधी कण्हेर रस्त्यांच्या मधोमध ओळीने लावतो. ज्याचे पान चावले तर तोंड सुजते, ते डायफेनबेकिया दिवाणखान्यात कौतुकाने ठेवतो. कळलावीचा गुन्हा विषाचा नाही. ती पैसे न मोजता रानात मिळते, हा तिचा गुन्हा!

इथे कोणी मला स्वदेशीचा अतिरेकी म्हणेल. तसे नाही. ज्या झेंडूच्या तोरणाखाली आपण हा अंक वाचत बसला आहात, तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. गुलमोहर मादागास्करचा. ते आले, आपले झाले, आनंद आहे. पण शोभेसाठी आणलेल्या घाणेरीने आपली रानेच्या राने गिळली, हेही विसरू नये. पाहुण्याला पाट जरूर द्यावा. घरच्या लेकीला मात्र उंबऱ्याबाहेर उभे करू नये. काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेली एक अळी याच वेलीची पाने खाऊन वाढते आणि तिचा पतंग होतो. हे विष तिला बाधत नाही. आपण जुने कुंपण पाडून सिमेंटची भिंत घालतो, तेव्हा त्या अळीचेही घर जाते. शिवाय औषधासाठी रानातले कंद खणून नेणारे आहेतच.

तिसरी तक्रार अशी, की दिवाळी सरली की वेल वाळून जाते. ते मरण नव्हे, झोप आहे. मातीखाली जुना कंद झिजून त्याच्या जागी नवा, नांगरासारखा दुबेळका कंद तयार झालेला असतो. म्हणून तर तिला लांगलीही म्हणतात. त्या काळात पाणी देऊ नये आणि मेली समजून उकरू नये. मेअखेरीस कंद दोन-तीन इंच खोल आडवा ठेवावा. माती पाण्याचा निचरा होणारी हवी. कंदाच्या टोकाला डोळा असतो. तो मोडला तर त्या कंदातून वेल येत नाही. एवढे सांभाळले की दर पावसाळ्यात ती आपली आपण येते. दरवर्षी रोपे विकत घेऊन फेकणाऱ्यांना हा हिशेब परवडायला हरकत नाही.

रानातला कंद मात्र उपटू नका. सध्या तिच्या शेंगा वाळून उकलत आहेत; आत शेंदरी बिया दिसतात. त्यांतल्या चार जपून आणा, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा आणि पावसाच्या तोंडावर पेरा. फुलाला दोन-तीन वर्षे थांबावे लागेल. आणि कोणी विचारलेच, “ही कशाला दारात?” तर बेलाशक भांडा. तेवढ्या भांडणाचा आरोप आम्ही, म्हणजे मी आणि माझी अशील, आनंदाने कबूल करू.