वेदनेवर शिथिलीकरणाची फुंकर

जुनाट दुखण्याला एक शाप असतो. ते इतरांना दिसत नाही. मोडलेल्या हाताचे प्लास्टर दिसते, तापलेल्या कपाळावर हात ठेवता येतो. वर्षानुवर्षे ठणकणारी कंबर वा मान मात्र तपासणीच्या चित्रातही अनेकदा सापडत नाही. मग घरचेच म्हणतात, ‘मनाचे खेळ आहेत.’ रुग्ण एकाकी पडतो, परस्पर वेदनाशामक गोळ्या घेत राहतो आणि कंबरेचे दुखणे जठर व मूत्रपिंडापर्यंत जाऊन पोहोचते.

वैद्यकशास्त्राने मात्र आता ही वेदना खरी मानली आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले आहे. मूळ इजा भरून आली तरी मज्जासंस्था अतिसंवेदनशील राहू शकते. वेदनेने झोप उडते, निद्रानाशाने चिंता वाढते, चिंतेने स्नायू आखडतात आणि वेदना पुन्हा बळावते. हे दुष्टचक्र केवळ गोळीने तुटत नाही.

नेमक्या याच ठिकाणी योगातील शिथिलीकरणाचे महत्त्व आहे. श्रमपरिहार व चित्तविश्रांती करणारे आसन म्हणून हठप्रदीपिकेने शवासनाचे वर्णन केले आहे. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे संस्थापक स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी विसाव्या शतकात तांत्रिक न्यासाच्या आधारे योगनिद्रेची सुलभ पद्धती घडवली. साधक निश्चल पडून असतो. मार्गदर्शकाच्या आवाजामागोमाग त्याचे अवधान उजव्या अंगठ्यापासून सर्वांगात फिरते, श्वासावर स्थिरावते, जडपणा-हलकेपणा अशा परस्परविरोधी संवेदना अनुभवते. वेदनेशी झुंजण्यात गुंतलेले मन तिच्याकडे साक्षीभावाने पाहू लागते.

या दिशेचे आधुनिक संशोधन महाराष्ट्रात फार पूर्वी सुरू झाले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबावरील शवासनाच्या परिणामांचा अभ्यास १९६९मध्येच प्रसिद्ध केला. पुढे, बंगळुरूजवळच्या योग विद्यापीठात जुनाट कंबरदुखीच्या ८० रुग्णांवर झालेल्या आणि २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्याच्या निवासी योगोपचारानंतर वेदना व अक्षमता कमी झाल्याचे आढळले. अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१७मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी औषधांआधी व्यायाम, योग व स्नायुशिथिलीकरण सुचवले. अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाने पोळल्यावर त्या देशाला आलेले हे शहाणपण आहे. आपल्याला तेथवर जाण्याची गरज नाही.

मात्र वारशाचा अभिमान म्हणजे अतिशयोक्तीचा परवाना नव्हे. योगनिद्रा कर्करोग बरा करत नाही, सरकलेली चकती जागेवर बसवत नाही. ‘औषधे फेकून द्या’ असे सांगणारा शिक्षक रुग्णाचा आणि योगाचाही द्रोह करतो. वेदनेचे निदान वैद्यानेच करायचे. शिथिलीकरण उपचारांच्या जोडीला असावे, त्यांच्या जागी नव्हे. ज्याला उताणे झोपवत नाही त्याच्या गुडघ्यांखाली उशी द्यावी वा त्याला कुशीवर निजू द्यावे. डोळे मिटताच ज्याची भीती उफाळते, त्याला डोळे उघडे ठेवू द्यावेत. एवढे तारतम्य नसलेल्या हाती रुग्ण सोपवू नयेत.

२१ जूनला मैदानांवर योगाचा उत्सव २०१५पासून होत आला आहे, तो स्वागतार्हच आहे. परंतु ज्याला मैदानापर्यंत चालतच येत नाही, त्याच्यापर्यंत योग कसा पोहोचणार? शवासनाला ना खर्चिक यंत्र लागते, ना लवचीक शरीर. लागते ती शांत खोली, सतरंजी आणि प्रशिक्षित माणूस. जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत आणि सेवाभावी संस्थांच्या केंद्रांत आठवड्यातून दोन दिवस एवढी सोय करणे अशक्य नाही. ज्याच्या दुखण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, त्याच्याशेजारी अर्धा तास शांतपणे बसणे हेही उपचारच आहेत. योगाची थोरवी जगाला सांगताना शेजारच्या घरातील कण्हणे ऐकू येत नसेल, तर तो अभिमान पोकळ ठरेल.